बोर्डला आलेलं टेंगूळ

फेब्रुवारीच्या लेखात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की म्हापशाच्या मावशीच्या पडवीत मी स्वतःच्या हाताने पॅडलबोर्ड बनवला. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, बोर्डचं पुढे काय झालं? मी विषय टाळत होतो. आता बोर्ड पुन्हा धड झालाय, आणि आपल्यातल्या दोघांनी असाच बोर्ड करायला घेतलाय असं कळलं, म्हणून आज सगळं सांगून टाकतो. ते दोघंही बेळगावचे आहेत आणि बोर्ड गोव्यात नेणार आहेत. म्हणजे मध्ये चोर्ला घाट आलाच, आणि माझी सगळी भानगड त्या घाटातच झाली.

तो लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅडलबोर्ड म्हणजे दहा-साडेदहा फुटांची फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मारत जायचं. माझ्या बोर्डच्या आत थर्माकोल आहे. गणपतीच्या मखरासाठी आपण आणायचो तोच, फक्त जास्त घट्ट. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना लावतात तो, घनमीटरला २० किलोवाला. तो गरम तारेने कापून आकार दिला, घासला, आणि वर फायबर ग्लासचं कापड अंथरून इपॉक्सीने चिकटवलं. (पॉलिस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, ते थर्माकोल विरघळवून टाकतं. एका तुकड्यावर करून बघा, मजा येते. बोर्डवर करू नका.)

हा बोर्ड करताना एका जागी मी बराच वेळ अडलो होतो. व्हेंट ठेवायचा की नाही? व्हेंट म्हणजे बोर्डच्या पाठीवर एक छोटं भोक, आतल्या थर्माकोलपर्यंत पोचणारं. एरवी ते उघडं ठेवायचं आणि पाण्यात जाताना स्क्रूने बंद करायचं. बनवणाऱ्यांत याबद्दल दोन मतं आहेत. एक गट म्हणतो की थर्माकोलचा बोर्ड म्हटला की व्हेंट हवाच. दुसरा म्हणतो की फोम घट्ट असेल आणि ग्लासिंग नीट झालं असेल, तर उगाच भोक पाडून पाण्याला दार कशाला करून द्यायचं?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरला जितके कमी पोर्ट उघडे तितका धोका कमी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तीन महिने शनिवार-रविवार घासून, वास घेऊन, मावशीची बोलणी खाऊन बनवलेल्या वस्तूला मी आपल्या हाताने भोक पाडू? नाही पाडलं.

मार्च, एप्रिल आणि अर्धा मे बोर्ड झकास चालला. शिवोलीच्या बाजूला शापोरा नदीत सकाळी सहाला उतरायचं, नऊच्या आत बाहेर यायचं, आणि बोर्ड मावशीच्या पडवीत सावलीला ठेवायचा. त्याला काही झालं नाही, आणि मी ठरवून टाकलं की व्हेंटवाले उगाच घाबरट आहेत.

मेच्या शेवटच्या रविवारी बोर्ड बेळगावला आणायचा होता. पाऊस तोंडावर आला होता आणि मावशीला पडवीत लाकडं भरायची होती. कारच्या टपावर रॅक लावून बोर्ड बांधला. सोबत ताई, भाची, दोन फणस. बोर्डची पाठ मी गडद निळी रंगवली होती, आणि ती दिसावी म्हणून मुद्दाम पाठ वर करून बांधला. निघायला अकरा वाजले. साखळी, केरी करत घाट चढलो आणि वर एका टपरीवर थांबलो. चहा, भजी, पुन्हा चहा. गाडी उन्हात.

पाऊण तासाने भाची गाडीकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "मामा, बोर्डला टेंगूळ आलंय!"

टेंगूळच होतं. जिथे उभं राहायचं त्याच्या जरा पुढे, ज्वारीच्या भाकरीएवढं, टम्म फुगलेलं. बोटाने दाबलं तर आत जाई आणि सोडलं की वर येई. ताईने तोंडावर रुमाल धरला होता. ती हसत होती हे मला कळत होतं. मी बोर्डवर पाण्याच्या बाटल्या ओतल्या, टॉवेल ओला करून टाकला, आणि जांबोटीपर्यंत कोणाशी बोललो नाही. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बोर्ड गार होऊन टेंगूळ बसलं होतं. पण वरची कातडी सुटली ती सुटलीच. टिचकी मारली की बाकी ठिकाणी टक्क आवाज यायचा, तिथे फट्ट.

माझे बाबा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून रिटायर झालेत. आयुष्य वाळूच्या साच्यात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये आले, टेंगळाच्या जागेवर हात फिरवला आणि विचारलं, "आत काय हाय?"

मी म्हटलं, "थर्माकोलचा कोअर आहे, बाबा."

"कोअर घातलास नि व्हेंट मारला नाहीस व्हय रे?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. तसं नव्हतं. ओतकामात कोअर म्हणजे साच्याच्या पोटात ठेवायचा वाळूचा गोळा, ज्यामुळे कास्टिंग आतून पोकळ राहतं. वाळूत ओल असते, कोअरमध्ये चिकटवायचं द्रव्य असतं. तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड त्यावर पडलं की वाफ आणि वायू तयार होतात. त्यांना बाहेर पडायला जागा हवी, म्हणून साच्यात तारेने भोकं पाडतात आणि कोअरमधूनही वाट काढून देतात. ती वाट नसेल तर वायू लोखंडातच घुसतो आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतं. "वारं जाणार कुठनं? वाट दिली नाहीस तर जिथं कच्चं असंल तिथनं काढतंय ते," एवढं बोलून बाबा चहाला गेले.

मी वही घेऊन बसलो. आधीच करायला हवा होता तो हिशोब आता केला. बारावीचंच फिजिक्स आहे, कंटाळू नका.

माझा बोर्ड साधारण १८० लिटरचा. त्यातला थर्माकोल साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे प्लॅस्टिक जेमतेम दोन टक्के, बाकी सगळी हवा. यातली बरीचशी दाण्यांच्या आत बंद असते, पण दाण्या-दाण्यांच्या मध्ये बारीक फटी असतात आणि तिथली हवा बोर्डभर फिरू शकते. मी बोर्ड बंद केला म्हापशाला, समुद्रसपाटीला, तिशीच्या तापमानात. बाहेरचा दाब तेव्हा १०१३ मिलिबारच्या आसपास. घाटमाथ्यावर, आठशे मीटरला, हा दाब होतो साधारण ९२०. म्हणजे ऊन नसतं तरी नुसत्या चढणीने आतला दाब बाहेरच्यापेक्षा नव्वद मिलिबारने जास्त झाला. त्यात गडद निळ्या रंगावरचं मेचं ऊन. आतली हवा तिसावरून पन्नास अंशांवर गेली असं धरलं, तरी आणखी सत्तरच्या आसपास. एकूण झाले एकशे साठ मिलिबार.

हा आकडा फुसका वाटतो. मलाही वाटला. पण तो दर चौरस सेंटीमीटरला एकशे साठ ग्रॅम पडतो. भाकरीएवढ्या, वीस सेंटीमीटर रुंद गोलावर त्याचे पन्नास किलो होतात. सिमेंटची एक गोणी! ती गोणी खालून वर ढकलत होती, आणि उन्हाने तापून इपॉक्सीही मऊ पडलं होतं. घरगुती तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांवर ढिलं पडायला लागतं. पूर्ण पाठीवरचा जोर काढला तर तीन टनांच्या वर जातो. तोही लिहून ठेवला आणि वही मिटली.

या हिशोबात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर निम्म्याहून जास्त जोर घाटाचा होता. बोर्ड बनवणाऱ्यांचे व्हिडिओ मी ढीगभर पाहिले होते. ते समुद्रकिनारी राहतात, उन्हाबद्दल बोलतात. बेळगावच्या माणसाला घाट आठवायला हवा होता.

मग टेंगूळच का, आणि तिथेच का? कातडी चौकोनात कापून उचलली तेव्हा तेही दिसलं. आकार देताना त्या जागी थर्माकोलचे दाणे निघाले होते आणि मी भिंतीला लावायच्या हलक्या पुट्टीने खड्डा भरला होता. गॅरेजवाले लांबी भरतात तशी, चांगली जाड. इपॉक्सीने ती पुट्टी घट्ट धरली होती, पण पुट्टीने थर्माकोल धरलाच नव्हता. कापडाच्या पाठीला पांढऱ्या भुकटीचा थर तसाच आला. बाकीचा बोर्ड तोच जोर सोसून उभा राहिला होता. कच्ची जागा एकच होती आणि हवेने ती बरोबर शोधली. त्यामुळे ग्लासिंग नीट असलं तर व्हेंट लागत नाही म्हणणारा गट अगदीच चुकीचा नाही. फक्त आपलं ग्लासिंग नीट आहे की नाही, हे आधी कसं कळणार? मला तरी कळलं नाही.

दुरुस्ती पावसाळ्यात केली. पुट्टी पूर्ण खरवडून काढली. खड्ड्यात या वेळी इपॉक्सीतच मायक्रोबलून नावाची काचेच्या पोकळ कणांची पूड कालवून पातळ थर दिला, वर नवं कापड, त्यावर प्लॅस्टिक, आणि वजन म्हणून बाबांनी भरून दिलेल्या वाळूच्या पिशव्या. पाठ पांढरी रंगवली.

आणि व्हेंट बसवला. जागा निवडली पुढच्या बाजूला, जिथे पाणी कमीत कमी पोचतं आणि पाय पडत नाही. थर्माकोलमध्ये थेट स्क्रू धरत नाही, म्हणून अंगठ्याएवढा खड्डा करून तो इपॉक्सी आणि पुडीच्या घट्ट लगद्याने भरला आणि त्यात पितळी नट बसवला. वर स्टेनलेसचा बोल्ट आणि रबरी ओ-रिंग. हायड्रॉलिक्सच्या गावात ओ-रिंगची काय कमी, मूठभर मिळाल्या.

इथे मी आणखी एक घोटाळा केला, आणि तो कोणीही करेल म्हणून सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हात बोर्ड गच्चीवर ठेवला, बोल्ट काढला आणि भोकावर साबणाचं पाणी टाकलं. सायकलचं पंक्चर बघतो तसं. आतली हवा तापली की बुडबुडे यायला हवेत. अर्धा तास गेला, एकही नाही. बाबा छत्री घेऊन शेजारी बसले होते. म्हणाले, "आरपार गेलाय का बघ की." गेला नव्हता. नटाच्या तळाशी इपॉक्सी उतरून सुकलं होतं आणि भोक तिथेच संपत होतं. म्हणजे माझ्या बोर्डला व्हेंट होता आणि नव्हताही. तीन मिलिमीटरच्या ड्रिलने तळ फोडला तशी स्स् करून हवा आली. आवाज फार मोठा नव्हता, पण बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग साबणाचे बुडबुडे दहा मिनिटं येत राहिले आणि आम्ही दोघं ते बघत बसलो.

इथपर्यंत मी समजत होतो की व्हेंट म्हणजे बोर्ड फुगू नये म्हणून. त्याची दुसरी बाजू नोव्हेंबरमध्ये कळली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

बेळगावहून निघताना धूळ जाऊ नये म्हणून बोल्ट घट्ट आवळला. म्हापशाला उतरून उघडला तर पुन्हा स्स्, पण या वेळी हवा आत ओढली गेली. घाट चढताना जे झालं त्याच्या उलट. आत बेळगावची विरळ हवा, बाहेर समुद्रसपाटीचा दाब. तापमान सारखं धरलं तर फरक ऐंशी-पंच्याऐंशी मिलिबारचा, म्हणजे ऐंशी सेंटीमीटरच्या उभ्या स्ट्रॉने पाणी ओढावं इतका जोर. घाट नसला तरी हे होतंच. बोर्ड किनाऱ्यावर उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापला, तशातच बोल्ट आवळला आणि अठ्ठावीस अंशांच्या नदीत टाकला, की आतली हवा आकसते आणि सत्तर मिलिबारची ओढ तयार होते. बोर्डला कुठे केसाएवढी चीर असेल तर तिथून पाणी नुसतं झिरपत नाही, ओढलं जातं. आणि दगडाला घासलेला, वल्हं आपटलेला बोर्ड म्हटला की अशी एखादी चीर असतेच. पाण्याला दार नको म्हणून मी भोक टाळलं होतं. बंद बोर्डच पाणी ओढून घेतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. बोर्ड जमिनीवर असला की व्हेंट उघडा, प्रवासात उघडा, घरी उघडा. नदीवर पोचल्यावर बोर्ड सावलीत ठेवून, वरून पाणी मारून गार होऊ द्या आणि मगच बंद करा. बाहेर आलात की पहिलं काम बोल्ट सैल.

आणि पाण्यात जाण्याआधी तो बंद करायला विसरू नका, कारण मी विसरलो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी. भाचीला लाइफ जॅकेट चढवत होतो, ताई फोटो काढत होती, भरती सुरू झाली होती, आणि बोल्ट माझ्या खिशात. भाची तासभर काठाकाठाने फिरली, तीनदा पडली, तीनदा चढली. बोर्ड उचलून आणताना भोकातून पाणी गळायला लागलं तेव्हा माझा हात खिशाकडे गेला. बॅग मोजायच्या काट्यावर बोर्ड टांगला. सकाळचे १३.४ किलो होते, आता १४.१.

थर्माकोलचा बोर्ड असा बुडत नाही, दाण्यांच्या आतली हवा कुठे जात नाही. हे मी ताईला लगेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला माहीत होतं ना बंद करायचं ते?" यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. आतून पोकळ लाकडी बोर्ड असता तर प्रकरण खरंच वेगळं झालं असतं. तसल्या बोर्डच्या पोटात नुसती हवाच असते आणि पाणी शिरलं की सगळीकडे भरतं. पोकळ बोर्डचं पेटंट टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाला १९३२ साली मिळालं. पाणी काढून टाकायला बूच लावायची पद्धत त्या बोर्डांपासूनची. लाकडी पोकळ बोर्ड करणार असाल तर व्हेंट हवा की नको या वादात पडूच नका, तो लागतोच.

बोर्ड रात्रभर भोक खाली करून उभा ठेवला आणि मग तीन आठवडे शेडमध्ये उघडा. बरंचसं पाणी निघालं. शेवटचे शंभरेक ग्रॅम अजून आत आहेत, ते बहुतेक आता राहणारच.

त्यानंतर बोल्ट काढून मी पडद्याचा व्हेंट बसवला. यात टेफ्लॉन ताणून केलेला बारीक छिद्रांचा पडदा असतो. छिद्रं इतकी लहान की हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये हे ताणलेलं टेफ्लॉन सापडलं, आणि पुढे त्याचे रेनकोट झाले. गाडीच्या हेडलाइटला आणि रस्त्यावरच्या उपकरणांच्या डब्यांनाही असाच पडदा असतो, कारण तिथेही तेच दुखणं आहे, दिवसा तापतं आणि रात्री आकसतं. हा व्हेंट उघडायचा नाही, बंद करायचा नाही. माझ्यासारख्याला तोच बरा. मित्र अमेरिकेहून येत होता, त्याने आणून दिला. पण तोही कायमचा नाही. मीठ सुकून पडदा बुजतो, सनस्क्रीनचा तेलकट हात लागला तर खराब होतो. खारट पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने हलकेच धुवा, टाचणीने साफ करायला जाऊ नका. आणि महिन्यातून एकदा उन्हात साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा.

एक-दोन शंका आधीच निस्तरतो. निळा-गुलाबी कडक फोम मिळतो, एक्सपीएस, त्याला दाण्यांमधल्या फटी नसतात. त्यामुळे त्यात व्हेंटचा फारसा उपयोग नाही, आणि कातडी सुटायची खोड त्याला वेगळीच आहे. मी त्याच्या वाटेला जाणार नाही. हवा भरायचे रबरी बोर्ड ज्यांनी घेतलेत त्यांना हे काही लागत नाही, पण पंधरा पीएसआय भरून तो तापत्या वाळूवर ठेवून जेवायला जाऊ नका. थोडी हवा सोडा. आणि विकतचा कडक बोर्ड असेल तर आज संध्याकाळी पाठीवर शोधा, नाण्याएवढी चकती किंवा छोटा स्क्रू दिसेल. तो कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखून ठेवा.

डिसेंबरपासून बोर्ड चार वेळा घाट चढला-उतरला. दर वेळी माथ्यावर त्याच टपरीशी थांबतो, आणि चहा सांगायच्या आधी भाची टपाजवळ जाऊन बोर्डच्या पाठीवर टिचक्या मारून येते. मागच्या खेपेला बाबाही आले होते. त्यांनी टिचकी मारली नाही. व्हेंटला कान लावून उभे राहिले, आणि टपरीवाला त्यांच्याकडे बघत राहिला.